माजघराची भिंत

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गडमुडशिंगीच्या घराचे काम काढले. 'काढले' हे क्रियापद आमच्याकडे घराला आणि विहिरीला सारखेच लावतात. दोन्ही ठिकाणी किती खोल जावे लागेल ते आधी सांगता येत नाही. मूळ बेत लहान होता. गळकी कौले बदलावीत, न्हाणीत फरशी बसवावी, विजेच्या लोंबत्या तारा भिंतीआड घालाव्यात, एवढाच. पण तारा भिंतीआड घालायच्या तर भिंत फोडावी लागते, भिंत फोडली की गिलावा करावा लागतो, गिलावा झाला की रंग, आणि रंग झाला की जुने सामान त्या रंगापुढे ओशाळवाणे दिसू लागते. मग एके दिवशी 'इंटिरियर' हा शब्द घरात शिरला आणि परत गेला नाही.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाचा जन्म या घरातला. दुसरी वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आली. (या लेखात आईंचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात येईल, तो या दुसरीच्या सोयीसाठी. पहिला त्यांना अजून 'तू'च म्हणतो.) गाव कोल्हापूरला खेटून, हुपरीच्या रस्त्यावर. जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, उजळाईवाडीचा विमानतळ, ज्याच्या विस्तारात गावची काही जमीन गेली, आणि गांधीनगरची कापडपेठ. अशा गावात घरे फार काळ आहे तशी राहत नाहीत. आमच्या गल्लीत कौलारू म्हणावे असे आमचेच एक घर उरले होते, आणि खरे सांगायचे तर त्याचा आम्हाला थोडा अभिमानही होता. कोणी साहित्यिक मित्र आला की आम्ही त्याला आधी जोते दाखवायचो, मग तुळया, मग माजघरातला अंधार.

आराखडा काढून देणारा आमचाच जुना विद्यार्थी. पदवीच्या पहिल्या वर्षाला आवश्यक मराठीच्या तासाला तो शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढायचा, आणि त्याबद्दल आम्ही त्याला बोललोही होतो. पुढे त्याने अंतर्गत सजावटीची पदविका घेतली. आता त्याच चित्रांचे तो चौरस फुटावर पैसे घेतो. त्याने लॅपटॉप उघडला आणि आमचे घर पडद्यावर गोल फिरवून दाखवले. छताला फॉल्स सीलिंग, त्याच्या कडेकडेने लपवलेले दिवे, टीव्हीमागे राखाडी पॅनेल, देव्हाऱ्यात संगणकावर कापलेला आणि मागून उजळलेला ओंकार, मॉड्युलर किचन, त्यावर चिमणी. एका भिंतीला विटांचे चित्र असलेला कागद. (ती भिंत भेंड्यांची आहे. पांढऱ्या मातीच्या भेंड्यांवर सिमेंटचा गिलावा, गिलाव्यावर पुट्टी आणि पुट्टीवर विटांचा कागद! भिंतीचे भिंतपण झाकून वर भिंतीचेच चित्र. आम्ही हसलो तेव्हा तो बिचारा गोंधळला.) नकाशावर खोल्यांची नावे होती : लिव्हिंग, डायनिंग, किचन, मास्टर बेडरूम, पूजा आणि 'पॅरेंट्स'. आईंनी चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "ह्यात सोपा कुठला?" त्याने लिव्हिंगवर बोट ठेवले. "आन माजघर?" तो आमच्याकडे पाहू लागला.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. मागे एकदा वर्गात हाच शब्द आला असता आम्ही अर्थ विचारला, तेव्हा एका मुलाने गंभीरपणे उत्तर दिले होते, "माज असलेल्या लोकांचं घर." वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि त्या संध्याकाळी घरी येऊन खिन्न झालो. मराठी गद्यपद्याचा केवढा तरी भाग ज्या खोलीत घडतो ती खोलीच मुलांना ठाऊक नाही. सोपा, पडवी, ओटी, माजघर, परडे, उंबरा, कोनाडा, फडताळ, उतरंड... शिकवताना आम्हाला फळ्यावर घराचा नकाशा काढावा लागतो, एखाद्या बुडालेल्या नगरीचा काढावा तसा. आमच्यापैकी एकीने तर एका चर्चासत्रात मराठी स्त्रीलेखनातील माजघर या विषयावर निबंध वाचला होता. त्यात माजघराला 'घराचे गर्भगृह' म्हटले होते. टाळ्याही मिळाल्या होत्या.

म्हणून जेव्हा त्या मुलाने सांगितले की सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत काढली तर 'ओपन किचन' होईल, आणि सध्या सगळे तेच मागतात, तेव्हा आम्ही अंगात आल्यासारखे बोललो. स्वयंपाकघर दिवाणखान्यात आणून मांडणे ही परदेशी चाल आहे. तिकडच्या स्वयंपाकाला फोडणीचा वास नसतो, खकाणा नसतो. आपल्या घरात आत आणि बाहेर यांच्यात एक मर्यादा असते, ती भिंतीत नसून संस्कृतीत असते, वगैरे. तो निमूट ऐकून घेत होता. बहुधा आवश्यक मराठीच्या तासाची सवय असावी. आई बाजूला लसूण सोलत बसल्या होत्या. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "काढू दे की ती भित्त."

आम्हाला वाटले, त्यांना नीट कळले नसावे. आम्ही पुन्हा समजावू लागलो. त्यांनी लसणाची पाटी बाजूला सारली.

"मी ह्या घरात आलो तवा सोळा वर्साची. त्या भित्तीच्या आत बत्तीस वर्सं काढली. सोप्यात कोण आलंय ते खोकल्यावरनं आन पायताणाच्या करकरण्यावरनं वळखायचं. च्या किती कप टाकायचा ते बी आवाज मोजून. थोरलीची सोयरीक हितंच सोप्यात ठरली. मी आत च्या गाळत हुतो. पोरगा कसा हाय ते मला अक्षतादिवशी दिसलं."

(कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी हुतो' असेच बोलतात. व्याकरणाच्या तासाला आम्ही ते प्रादेशिक वैशिष्ट्य म्हणून सांगतो आणि पुढे जातो.)

मग त्या सुनेकडे वळल्या. "आन तू काय ते म्हणतीस... गाभारा. गाभाऱ्यात देव बसतो, बाई. आमी धुरात बसलो."

तो निबंध घरात कधी मोठ्याने वाचला गेला होता आणि त्यांनी तो केव्हा ऐकला होता, आम्हाला आठवत नाही. भिंतीआडून ऐकण्याची सवय बत्तीस वर्षांची होती.

त्या रात्री आम्ही माजघर नव्याने पाहिले. त्याला रस्त्याकडे एकही खिडकी नाही. परड्याकडे एक झरोका, वर कौलांत काचेचे एक कौल आणि धूर जायला धुराडे. आषाढात झरोका बंद, काचेच्या कौलावर शेवाळ, ओली जळणे. आईंच्या डोळ्यांतून अजूनही पाणी वाहते. डॉक्टर त्याला वयाचे कारण देतात. याच खोलीच्या कोपऱ्यात बाजेखाली शेगडी ठेवून त्यांची तीन बाळंतपणे निभावली. आम्ही पाहुण्यांना जो अंधार कौतुकाने दाखवत होतो, तो त्यांच्या लेखी सौंदर्य नव्हते, काम करण्याची जागा होती.

एक साधी गोष्ट आम्हा भाषेच्या माणसांच्या कधी लक्षातच आली नव्हती. या जुन्या घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला देशी शब्द आहे, पण 'बेडरूम'ला नाही. 'शयनगृह' हा शब्द नाटकाच्या पुस्तकातला. तो घरात कोणी उच्चारत नाही. आमच्या भाषेची ही गरिबी नव्हे. ती खोलीच नव्हती. पुरुष सोप्यात झोपत, बायका-मुले माजघरात, आणि नव्या जोडप्यासाठी माळ्यावर किंवा कणगीमागे जागा होत असे, ती सर्वांना ठाऊक असून तिला नाव नसे. खोल्या कामावरून ठरत नसत, वेळेवरून आणि नात्यावरून ठरत. सोपा सकाळी कचेरी, दुपारी शेंगा फोडायची जागा, संध्याकाळी बैठक, रात्री झोपायची जागा. एका खोलीला एकच काम नेमून द्यायचे, ही कल्पना शहरांतून आली. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने 'आयडियल होम' नावाचे प्रदर्शन भरवले होते. नव्या पद्धतीचे घर आतून कसे असावे हे मध्यमवर्गाने तिथे जाऊन पाहिले. आमच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमधले घर हे त्याच प्रदर्शनाचे पणतू म्हणायला हवे.

आणि आमचे 'परंपरागत' घर तरी किती परंपरागत? थोडे खोदले तेव्हा आमची आणखी पंचाईत झाली. ज्या मंगळुरी कौलांसाठी आम्ही हळहळत होतो, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात काढला. आजोबांनी ती कौले घातली तेव्हा गावात साधी, कुंभाराची थापी कौले होती, आणि आजोबांना नक्कीच कोणीतरी 'नव्या फॅशनचा' म्हटले असणार. सोप्यातल्या दोन खणांत फुलाफुलांच्या सिमेंटच्या फरशा आहेत. असल्या फरशा परदेशातून येत. भारत टाइल्सने १९२२ साली त्या बनवायला घेतल्या त्या स्वदेशीच्या भावनेने. कोपऱ्यातले लोखंडी कपाट, ज्यात आईंचा शालू आणि जमिनीचे उतारे एकाच खणात असतात, त्या जातीचे पहिले कपाट गोदरेजने १९२३ साली केले. भिंतीवरची लक्ष्मी आणि सरस्वती, काच पुढे झुकवून उंच टांगलेल्या, राजा रविवर्म्याच्या १८९४ साली निघालेल्या छापखान्याच्या वंशातल्या. म्हणजे आमच्या घरातली प्रत्येक जुनी वस्तू एकेकाळचा ट्रेंडच होती. विटांच्या कागदाला हसण्याचा आमचा हक्क बराच आकसला. (तरीही तो कागद आम्ही लावला नाही. सगळेच हक्क सोडून चालत नाही.)

आमच्या मांडणीचा शेवटचा आधार होता तो एका जपानी लेखकाचा. जुनिचिरो तानिझाकी यांचा सावल्यांच्या प्रशंसेचा निबंध १९३३च्या सुमाराचा. तुमच्यापैकी अनेकांनी त्याचे इंग्रजी भाषांतर वाचले असेल. जुन्या वळणाचे घर बांधू पाहणाऱ्या माणसाला विजेच्या तारा, नळ, शेगड्या कुठे लपवाव्यात असा प्रश्न पडतो, तिथून तो निबंध सुरू होतो आणि बघता बघता लाखेच्या भांड्यातल्या अंधारापर्यंत जाऊन पोचतो. कमी उजेडात वस्तू कशा खुलतात, झगझगीत दिव्यांनी काय मारले, हे इतक्या हळुवारपणे दुसऱ्या कोणी सांगितलेले आम्हाला ठाऊक नाही. आमच्या माजघराला आम्ही मनातल्या मनात त्या निबंधाच्या शेजारी बसवले होते. पण त्याच भाषांतराच्या अखेरीस अनुवादकाने तानिझाकींच्या पत्नीने सांगितलेली एक हकीकत दिली आहे. घर बांधायचे ठरले तेव्हा वास्तुतज्ज्ञ त्यांना म्हणाला, मी तुमचा निबंध वाचला आहे, तुम्हाला कसे घर हवे ते मला नेमके ठाऊक आहे. त्यावर तानिझाकी म्हणाले, छे, तसल्या घरात मी राहूच शकणार नाही. ही हकीकत आम्ही पूर्वी वाचून हसलो होतो. या खेपेला हसू आले नाही. निदान तानिझाकींना स्वतःविषयी ते कळले तरी होते.

भिंत काढायची ठरली. भेंड्यांची भिंत पडताना आवाज करत नाही. ती नुसती बसते आणि माती होते. दोन दिवस गल्ली धुळीने भरली. गवंड्याला मधल्या खांबाजवळ गिलाव्याखाली बुजवलेली एक दिवळी सापडली, आत बोटभर काजळी. तेवढा भाग खांबाच्या आधाराने ठेवता येण्याजोगा होता, म्हणून ठेवला. आमचा विद्यार्थी खूश झाला. तिच्यात एलईडीची पट्टी घालू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आई नकाशावर पुन्हा वाकल्या. हॉलमध्ये काटकोनी सोफा काढला होता, भिंतीला जोडून, पक्का बसवलेला. खाली सामानाचे कप्पे, मध्ये काचेचे टीपॉय. जागेचा काटेकोर उपयोग केलेला होता; एक चौरस फूट वाया गेलेला नव्हता. आईंनी सोफ्यावर बोट ठेवले.

"हे हलतंय का?"

"नाही आजी, फिक्स आहे. मजबूत."

"मग घरात माणूस गेलं तर ठिवायचं कुठं?"

तो गप्प झाला. आम्हीही. अकरा वर्षांपूर्वी आबा गेले ते याच सोप्यात. निरोप गेल्यावर शेजाऱ्यांनी पाव तासात सोपा रिकामा केला होता. बाज बाहेर गेली, पेटी बाहेर गेली, पोत्यांची थप्पी परड्यात गेली, आणि पाच खणांचा सोपा पार मोकळा झाला. मधल्या खांबाशी त्यांना ठेवले. बायका उंबऱ्याच्या आत, पुरुष जोत्यावर आणि रस्त्यावर. रात्रभर माणसे येत होती आणि प्रत्येकाला टेकायला जमीन होती. त्या सोप्यात त्याआधी दोन लग्ने लागली होती, तेराव्या-चौदाव्याची जेवणे झाली होती, एकदा गल्लीतल्या कुणाच्या तरी भांडणाचा निवाडाही. या सगळ्याला जे लागते ते मोकळी जमीन, जी एका तासात मोकळी करता येते. आमच्या विद्यार्थ्याच्या पडद्यावरच्या घरात चार माणसे टीव्ही पाहत बसण्याची सोय उत्तम होती. तिथे कोणी मरणार नव्हते, कोणाचे लग्न ठरणार नव्हते. आणि आम्ही, अंधाराविषयी, मर्यादेविषयी, गर्भगृहाविषयी तासभर बोललेले आम्ही, आमच्याही हे ध्यानात आलेले नव्हते. घरातल्या कुठल्या गोष्टी खरोखर जपायच्या असतात याची आमची यादी पुस्तकांतून झाली होती, आणि तिच्यात भिंती फार होत्या.

त्याला मात्र ते पटकन समजले. चित्रे काढणारी माणसे आमच्यापेक्षा लवकर शहाणी होतात की काय कोण जाणे. त्याने खिशातून पेन्सिल काढली, नकाशावरचा सोफा खोडला आणि भिंतीच्या कडेने बुटकी, उचलता येणारी बैठक काढली : खाली लाकडी फळ्यांचे चौरंग, वर गाद्या, लोड. आईंच्या गुडघ्यांसाठी दोन हातांच्या खुर्च्या. मग त्याने ते चित्र आमच्याकडे वळवले आणि मोठ्या उत्साहाने सांगितले, "मॅडम, लो सीटिंग. सध्या खूप चालतंय." त्या चौरंगांवर घालायला आम्ही पट्टणकोडोलीहून दोन घोंगडी आणली. पाहुण्यांना ती 'एथनिक' वाटतात. आईंना ती टोचतात; त्या खुर्चीवर बसतात.

बाकीच्या खोल्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. फॉल्स सीलिंग आम्ही नको म्हटले, आईंनी हवे म्हटले, शेवटी फक्त स्वयंपाकाच्या बाजूला झाले, आणि तिथला उजेड दुपारच्या परड्यासारखा आहे. विळीवर बसून कांदा चिरायचे आईंचे दिवस गेले. ओटा मात्र सुनेच्या उंचीचा केला, त्यामुळे त्यांना त्याच्याशी फार देणेघेणे उरलेले नाही. हे नकाशात चुकले, आणि ते आमच्याच हातून. ओट्याला एक बुटका भाग जोडून घ्यायला हवा होता. मुलीच्या खोलीत आम्हाला बोलायचा अधिकारच नव्हता. ती फिकट जांभळी आहे. 'पॅरेंट्स' लिहिलेल्या खोलीत आई एकदाच झोपल्या. त्यांना तिथे कोण आले-गेले ते ऐकू येत नाही. त्यांची खाट आता खांबाजवळ असते. ती रोज सकाळी उचलून बाजूला करावी लागते, ते काम आमच्यापैकी पहिल्याकडे आहे.

शेवटी पडदे राहिले होते. पडद्यांसाठी आम्ही गांधीनगरला गेलो. पलीकडे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, तिथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. ते गेल्यावर फाळणीत उखडलेले सिंधी लोक त्या जागेवर आले, आणि त्यांच्या वस्तीचे गांधीनगर झाले. बराकीतल्या एकसारख्या खोलीचे घर करायचे तर माणसाच्या हाती काय असते? एखादा पडदा, टेबलावरचे कापड, दारात कुंडी. इंटिरियर म्हणतात ते इतपतच असावे असे त्या दुकानात उभे राहून आम्हाला वाटले, पण तोवर आमची बचत मॉड्युलर किचनमध्ये गेलेली होती. दुकानदाराने गठ्ठ्यावर गठ्ठे उलगडले. आम्ही फिकट मातकट रंगाचे जाडसर कापड घेतले, समोरच्या दोन खिडक्यांसाठी. रस्त्यावरून आतले सगळे दिसते, अगदी ओट्यावरच्या डब्यांपर्यंत, ते आम्हाला बरे वाटत नव्हते.

कापड शिवून आले त्याला चार महिने झाले. गजही बसवून तयार आहेत. आई रोज सकाळी ओट्याशेजारी खुर्ची घेऊन बसतात. दिवळीत त्यांचा चष्मा, गोळ्यांची डबी आणि मोबाइलचा चार्जर असतो. तिथून भिंत नसलेल्या जागेतून, सोपा ओलांडून, खिडकीबाहेरची गल्ली सरळ दिसते. कोण कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघाले, कोणाच्या दारात गाडी थांबली, कोणाची सून माहेरी चालली, हे त्या आम्हाला भाकरी होईपर्यंत सांगत असतात, आणि अधूनमधून बसल्या जागेवरून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून चहाला बोलावतात. परवा आम्ही पडद्यांचा विषय काढला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर लावा."